पेशंट-सेंटर्ड मेडिकल होमची मान्यता: अमेरिकेतले डॉक्टर, कर्मचारी आणि पेशंट नेहमी विचारतात ते प्रश्न

अमेरिकेतल्या प्रायमरी केअर प्रॅक्टिसना, म्हणजे नेहमीच्या पहिल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांना, पेशंट-सेंटर्ड मेडिकल होम (पीसीएमएच) मान्यतेसाठी तयार करणं हे माझं रोजचं काम. इथले मराठी डॉक्टर, त्यांच्या ऑफिसात काम करणारी मंडळी आणि त्यांचे पेशंट यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पीसीएमएच म्हणजे नक्की काय? घरी येऊन तपासतात का?

नाही. घरी येऊन तपासण्याशी किंवा नर्सिंग होमशी याचा काही संबंध नाही. पीसीएमएच ही प्रायमरी केअर चालवण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक पेशंटला एक ठरलेला डॉक्टर असतो. त्या डॉक्टरसोबत नर्स, मेडिकल असिस्टंट, केअर मॅनेजर (जास्त गरज असलेल्या पेशंटचा पाठपुरावा करणारी व्यक्ती) अशी टीम असते. पेशंट समोर बसलेला नसतानाही त्याचे रिपोर्ट, औषधं, रेफरल (स्पेशालिस्टकडे पाठवणं) यांच्यावर कुणाची तरी नजर असते.

कल्पना मूळची बालरोगतज्ज्ञांची. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने १९६७ साली ती मांडली, तेव्हा तिचा आवाका छोटा होता: दीर्घ आजार असलेल्या मुलाची सगळी वैद्यकीय कागदपत्रं एका जागी असावीत, एवढाच. पुढे हवाईतले डॉ. कॅल्विन सिया आणि इतरांनी ती वाढवली. मार्च २००७ मध्ये फॅमिली फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, इंटर्निस्ट आणि ऑस्टिओपॅथिक डॉक्टर यांच्या चार राष्ट्रीय संघटनांनी मिळून सात संयुक्त तत्त्वं जाहीर केली. त्यांतलं एक तत्त्व मोबदल्याचं होतं: अशा पद्धतीने काम करणाऱ्या प्रॅक्टिसला त्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत. आता पैसे द्यायचे तर कोण खरंच असं काम करतंय हे इन्शुरन्स कंपनीला कळायला हवं. औपचारिक मान्यतेची गरज तिथून आली.

२. ही मान्यता कोण देतं?

सर्वांत जास्त चालते ती नॅशनल कमिटी फॉर क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, म्हणजे एनसीक्यूएची. ही १९९० साली स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. तिचा पीसीएमएच कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि आज देशभरातल्या दहा हजारांहून अधिक प्रॅक्टिस त्यात आहेत. जॉइंट कमिशन, यूआरएसी आणि एएएएचसी या संस्थाही मान्यता किंवा प्रमाणपत्र देतात. ऑरेगन आणि मिनेसोटा यांसारख्या राज्यांचे स्वतःचे कार्यक्रम आहेत.

कोणती घ्यावी? तुमच्याकडे सर्वांत जास्त पेशंट ज्या इन्शुरन्स कंपनीचे आहेत, तिच्या प्रोव्हायडर रिलेशन्सला आधी फोन करा आणि ते कोणती मान्यता धरतात ते लेखी मागून घ्या. हा फोन न करता कामाला लागू नका.

३. कायद्याने बंधनकारक आहे का?

नाही. लायसन्स, डीईए नोंदणी (नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठीची केंद्रीय नोंदणी) यांच्यासारखी ही अट नाही. मान्यतेशिवायही प्रॅक्टिस चालते.

४. मग एवढा खटाटोप का करायचा?

बहुतेक प्रॅक्टिस पैशांसाठी सुरुवात करतात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

अमेरिकेत प्रायमरी केअरचं उत्पन्न अजूनही मुख्यतः व्हिजिटवर चालतं. पेशंट आला, तपासला, क्लेम गेला. पण मधुमेहाच्या पेशंटला फोन करून शुगर विचारणं, न आलेला मॅमोग्रामचा रिपोर्ट शोधणं, हॉस्पिटलातून घरी आलेल्या आजोबांची औषधं पुन्हा जुळवणं, या कामांना व्हिजिटचा क्लेम नसतो. मान्यता मिळाली की बऱ्याच ठिकाणी इन्शुरन्स कंपन्या आणि राज्यांचे मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) कार्यक्रम प्रत्येक सदस्यामागे दरमहा ठरावीक रक्कम देतात. समजा, दर ४ डॉलर आहे आणि त्या कंपनीचे १,२०० सदस्य तुमच्याकडे आहेत. महिन्याला ४,८०० डॉलर, वर्षाला ५७,६०० डॉलर झाले. एका केअर मॅनेजरच्या पगाराचा मोठा भाग त्यातून निघतो. न्यूयॉर्कने तर २०१८ मध्ये एनसीक्यूएबरोबर राज्याचं स्वतंत्र मॉडेल आणलं आणि मेडिकेडचा प्रोत्साहन निधी त्याला जोडला.

दुसरं कारण मेडिकेअरचं, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीच्या केंद्रीय आरोग्य विम्याचं. २०१५ च्या माक्रा कायद्यातून आलेल्या मिप्स पद्धतीत डॉक्टरांच्या गुणांवर दोन वर्षांनंतरचं पेमेंट वर-खाली होतं, जास्तीत जास्त ९ टक्क्यांपर्यंत. या गुणांतला १५ टक्के भाग सुधारणा उपक्रमांचा असतो. मान्यताप्राप्त पीसीएमएच असल्याचं जाहीर केलं की त्या भागाचे पूर्ण गुण मिळतात. बालरोगतज्ज्ञांनी मात्र या मुद्द्यावर भुलू नये. तुमच्याकडे मेडिकेअरचे पेशंटच नसतात, त्यामुळे मिप्सचा तुम्हाला काही फायदा नाही. तुमचं गणित मेडिकेड आणि खाजगी इन्शुरन्सवर बसतं.

तिसरं म्हणजे, केंद्रीय निधीवर चालणाऱ्या कम्युनिटी हेल्थ सेंटर्सना एचआरएसए ही संस्था मान्यतेसाठी स्वतःहून प्रोत्साहन देते. चौथं, अकाउंटेबल केअर ऑर्गनायझेशनमध्ये (एसीओ, म्हणजे पेशंटच्या उपचारांचा दर्जा आणि खर्च यांची एकत्र जबाबदारी घेणारा डॉक्टर-हॉस्पिटलांचा गट) शिरताना मान्यता असलेल्या प्रॅक्टिसची तयारी आधीच झालेली असते. काही स्पेशालिटी बोर्डांत मान्यतेचं काम सर्टिफिकेशन टिकवायच्या गुणांतही धरलं जातं.

पैसा पाहिजेच. पण मान्यतेच्या कामातून हाती लागते ती दोन व्हिजिटांमधल्या काळाची जबाबदारी, आणि माझ्या दृष्टीने तिचं मोल पैशांहून जास्त आहे. हे प्रश्न ९ मध्ये सविस्तर आहे.

५. आम्ही ही सगळी कामं तशीही करतो. मग प्रमाणपत्र कशाला?

खरंच करत असाल तर तुमचं निम्मं काम झालंय. तरी एक साधी चाचणी घ्या. गेल्या महिन्यात पाठवलेल्या रेफरलपैकी किती पेशंट स्पेशालिस्टकडे प्रत्यक्ष पोचले, याचं उत्तर तुमच्या ऑफिसात आज संध्याकाळपर्यंत कोणी देऊ शकेल का? बहुतेक ठिकाणी डॉक्टर "हो, बघतो आम्ही" म्हणतात आणि फ्रंट डेस्कवरची मंडळी एकमेकींकडे बघतात. बाहेरचा कोणी पुरावा मागणार आहे म्हटल्यावरच ही यादी तयार होते. सुधारणा करण्याचा हेतू सगळ्यांचाच असतो. तिला तारीख मात्र बाहेरूनच यावी लागते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी बाजूही सांगते. मेडिकेअरचं क्रॉनिक केअर मॅनेजमेंटचं (दीर्घ आजारांच्या पेशंटसाठी दोन व्हिजिटांमध्ये केलेल्या कामाचं) बिल २०१५ पासून आणि अ‍ॅडव्हान्स्ड प्रायमरी केअर मॅनेजमेंटचं २०२५ पासून करता येतं. त्यासाठी एनसीक्यूएची मान्यता लागत नाही, त्या कोडच्या अटी पाळाव्या लागतात. तुमचे बहुतेक पेशंट मेडिकेअरचे असतील आणि स्थानिक इन्शुरन्स कंपन्या मान्यतेला काहीच देत नसतील, तर आधी ही बिलिंग नीट सुरू करा. मान्यतेचा विचार नंतर करा.

६. खर्च किती येतो?

एनसीक्यूएची फी डॉक्टर आणि इतर क्लिनिशियनच्या संख्येवर ठरते आणि दरवर्षी भरावी लागते. पण खरा खर्च माणसांच्या वेळेचा. पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागातल्या १२ प्रॅक्टिसचा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला. बदल घडवायचा एकदाच येणारा खर्च मधल्या (मीडियन) प्रॅक्टिसला सुमारे ३१ हजार डॉलर आला. दरवर्षी चालू राहणारा खर्च मात्र सुमारे १ लाख ४७ हजार डॉलर निघाला, आणि एकूण खर्चातला ६० टक्क्यांहून जास्त भाग केअर मॅनेजमेंटचा होता.

हे आकडे नीट पाहा. पहिल्या वर्षीची फी आणि कन्सल्टंटचं बिल पाहून लोक घाबरतात. ते संपणारं असतं. केअर मॅनेजरचा पगार संपत नाही. म्हणून मासिक रक्कम कोण, किती वर्षं देणार हे आधी पक्कं करा (प्रश्न २ आणि ४).

७. आमच्या प्रॅक्टिसमध्ये दोनच डॉक्टर आहेत. झेपेल का?

झेपतं. एक-दोन डॉक्टरांच्या कितीतरी प्रॅक्टिसना मान्यता आहे. छोट्या जागेत एक फायदा असतो: फ्रंट डेस्कवरच्या ताईंना निम्मे पेशंट नावानिशी माहीत असतात, आणि एखादी नवी पद्धत सोमवारी ठरली तर मंगळवारी सुरू होते. मोठ्या ग्रुपमध्ये त्याच बदलाला तीन कमिट्या लागतात.

कमी पडतात ती माणसं. व्हर्मांटने यावर चांगला तोडगा काढला. तिथल्या ब्ल्यूप्रिंट फॉर हेल्थ कार्यक्रमात परिसरातल्या प्रॅक्टिसना मिळून एक कम्युनिटी हेल्थ टीम दिली जाते. नर्स, सोशल वर्कर, आहारतज्ज्ञ यांचे पगार एकट्या प्रॅक्टिसवर पडत नाहीत आणि पेशंटलाही वेगळे पैसे पडत नाहीत. तुमच्या राज्यात असं काही नसेल तर शेजारच्या एक-दोन प्रॅक्टिसबरोबर किंवा तुमच्या एसीओमार्फत केअर मॅनेजर वाटून घेता येतो का ते पाहा.

एक मात्र टाळा. सगळी जबाबदारी ऑफिस मॅनेजरवर टाकून डॉक्टरांनी हात झटकायचे, असं केलं तर हे होत नाही. छोट्या प्रॅक्टिसमध्ये ऑफिस मॅनेजर बऱ्याचदा डॉक्टरांच्या पत्नी किंवा वहिनी असतात. पेरोल, बिलिंग, भांडणं सगळं त्याच बघतात, आणि मान्यतेचं कामही त्यांच्याच डोक्यावर येतं. आठवड्यातले ठरावीक तास त्यांना यासाठी मोकळे करून द्या.

८. एनसीक्यूए नेमकं काय तपासतं?

सहा विषय आहेत: टीम आणि प्रॅक्टिसची रचना, पेशंटची नीट माहिती, अपॉइंटमेंट आणि संपर्काची सोय, जास्त गरज असलेल्या पेशंटची केअर मॅनेजमेंट, स्पेशालिस्ट, लॅब आणि हॉस्पिटलशी समन्वय, मोजमाप आणि सुधारणा. २०१७ च्या आवृत्तीत ४० निकष सक्तीचे ठेवले. त्यांशिवाय ऐच्छिक निकषांमधून २५ क्रेडिट मिळवायचे, तेही सहापैकी किमान पाच विषयांतून.

सक्तीच्या निकषांची कल्पना यावी म्हणून थोडे सांगते. त्याच दिवशीची अपॉइंटमेंट मिळायला हवी. ऑफिसच्या नेहमीच्या वेळेबाहेर भेटीची सोय हवी. फोनवर वैद्यकीय सल्ला वेळेत मिळावा आणि तो फाइलमध्ये नोंदवलेला असावा. पेशंटला आपला डॉक्टर निवडता यावा, आणि तो खरंच त्याच डॉक्टरकडे जातोय का हे मोजलेलं असावं. नैराश्याची तपासणी, औषधांची अद्ययावत यादी, लॅब आणि रेफरलचा पाठपुरावा, हॉस्पिटल किंवा इमर्जन्सीतून परतलेल्या पेशंटला संपर्क हेही त्यात येतं.

९. यातलं सर्वांत अवघड काय?

धोरणं लिहिणं सोपं आहे, नमुने मिळतात. अवघड आहे ते लॅब आणि रेफरलचा धागा शेवटपर्यंत सोडायचा नाही, हे.

एक रेफरल घ्या. साठीच्या बाईंची किडनी तपासणी थोडी बिघडलेली आली म्हणून डॉक्टरांनी नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या स्पेशालिस्टकडे, पाठवलं. सॉफ्टवेअरमध्ये रेफरलवर "पाठवलं" अशी खूण झाली आणि ऑफिसच्या दृष्टीने काम संपलं. प्रत्यक्षात फॅक्स चुकीच्या नंबरला गेला असेल. स्पेशालिस्टने फोन केला असेल आणि बाईंनी अनोळखी नंबर म्हणून उचलला नसेल. त्या गेल्या असतील, पण रिपोर्ट परत आलाच नसेल. रिपोर्ट आलाही असेल, पण स्कॅन होऊन फाइलमध्ये पडून असेल आणि डॉक्टरांनी पाहिला नसेल. चारही ठिकाणी स्क्रीनवर एकच शब्द दिसतो: "पाठवलं". आठ महिन्यांनी बाई पाय सुजले म्हणून येतात, तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहतात.

चांगल्या प्रॅक्टिसमध्ये प्रत्येक रेफरलला पाच रकाने असतात: पाठवलं, अपॉइंटमेंट ठरली, पेशंट गेला, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी पाहिला. तातडीच्या रेफरलची मुदत वेगळी, साध्याची वेगळी. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी एक ठरलेली व्यक्ती रिकामे रकाने काढते आणि फोन लावते. ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण, हेही लिहिलेलं असतं. लॅबचंही असंच. विशेषतः न आलेला रिपोर्ट शोधावा लागतो, कारण आलेला रिपोर्ट तर स्वतःच समोर येतो.

एक सोय आता झाली आहे. २०२१ पासून मेडिकेअरच्या नियमांनुसार हॉस्पिटलांनी पेशंट दाखल झाल्याची, सुटल्याची इलेक्ट्रॉनिक सूचना त्याच्या प्रायमरी केअर प्रॅक्टिसला पाठवणं अपेक्षित आहे. पण ती सूचना तुमच्या ऑफिसात कोणाच्या इनबॉक्समध्ये पडते, हे आजच तपासा.

मला विचाराल तर मान्यतेचा अर्ज करण्याआधीच हे एवढं सुरू करावं. पुढे मान्यता नाही घेतली तरी हे काम वाया जात नाही.

१०. मी मेडिकल असिस्टंट आहे. माझ्या कामात काय फरक पडेल? फक्त क्लिक वाढतील का?

क्लिक वाढतात, खोटं कशाला बोलायचं. पण कामाचा दर्जाही वाढतो. बहुतेक ठिकाणी सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी दहा मिनिटांचा हडल, म्हणजे टीमची छोटी उभ्याउभ्या बैठक, सुरू होतो. दिवसाची यादी समोर असते. तुम्ही सांगता: साडेनऊच्या काकांची एवनसी (मधुमेहातली सरासरी साखरेची तपासणी) सहा महिने झालेली नाही, सव्वादहाच्या मुलाची लस राहिली आहे, अकराच्या आजी परवाच हॉस्पिटलातून आल्या आहेत, त्यांना सगळ्या बाटल्या आणायला सांगितलंय. डॉक्टर खोलीत शिरायच्या आधी निम्मी तयारी झालेली असते. लस, डोळ्यांची तपासणी, नैराश्याची प्रश्नावली या गोष्टी स्टँडिंग ऑर्डरवर (डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कायमच्या सूचनेवर) तुम्ही स्वतः पुढे नेऊ शकता, राज्याचे नियम परवानगी देतील तेवढ्या.

सुधारणेच्या बैठकीत कर्मचाऱ्यांचा सहभाग हाही निकषच आहे. म्हणजे तुमचं मत विचारणं हे डॉक्टरांचं औदार्य नाही, ते त्यांना करावंच लागतं. निःसंकोच बोला.

११. किती वेळ लागतो? दरवर्षी सगळं पुन्हा करायचं का?

नोंदणीनंतर साधारण १२ महिन्यांची मुदत मिळते. त्यात तीनपर्यंत ऑनलाइन तपासण्या होतात. परीक्षक स्क्रीनवर तुमची सिस्टम पाहतो, त्यामुळे बरेच पुरावे अपलोडही करावे लागत नाहीत. २०१७ च्या आधी पहिली, दुसरी, तिसरी अशा पातळ्या होत्या आणि मान्यता तीन वर्षांची असे. आता पातळ्या नाहीत. दरवर्षी थोडक्यात अहवाल द्यायचा असतो. जुन्या प्रॅक्टिसच्या भिंतीवर अजून "लेव्हल ३" ची पाटी दिसली तर ती त्या काळातली.

१२. याने पेशंटची तब्येत खरंच सुधारते का? अभ्यास काय सांगतात?

उत्तर एकसारखं नाही, आणि विकणारे कन्सल्टंट फक्त चांगली बाजू सांगतात म्हणून दोन्ही बाजू मांडते.

सिअ‍ॅटल भागातल्या ग्रुप हेल्थ या संस्थेने एका क्लिनिकमध्ये २००७ च्या सुमारास हा प्रयोग केला. दर डॉक्टरमागे पेशंटची संख्या सुमारे २,३०० वरून १,८०० वर आणली, नेहमीची भेट २० ऐवजी ३० मिनिटांची केली, टीम वाढवली. दोन वर्षांनी तुलनेतल्या क्लिनिकांपेक्षा इमर्जन्सीच्या भेटी २९ टक्के आणि हॉस्पिटलात दाखल होणं ६ टक्के कमी निघालं. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांचा थकवाही घटला.

पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागातल्या ३२ प्रॅक्टिसचा अभ्यास २०१४ मध्ये आला. सगळ्यांनी एनसीक्यूएची मान्यता मिळवली होती. पण तीन वर्षांत गुणवत्तेच्या ११ मोजमापांपैकी एकाच बाबतीत ठळक सुधारणा दिसली, आणि हॉस्पिटलचा वापर किंवा खर्च घटला नाही. पुढच्याच वर्षी त्याच राज्याच्या ईशान्य भागातल्या २७ प्रॅक्टिसचे निकाल आले, ते बरेच चांगले होते. तिथे वेगळं काय होतं? बचतीत प्रॅक्टिसला वाटा होता, कोणता पेशंट हॉस्पिटलात गेला याची माहिती इन्शुरन्स कंपन्या देत होत्या, आणि सुरुवातीला मान्यतेच्या कागदांवर भर कमी होता.

मी यातून असं समजते: मान्यता हे हत्यार आहे. डॉक्टरला वेळ, टीमला माहिती आणि कामाला पैसे मिळाले तर त्याचा उपयोग होतो. हे तिन्ही नसेल तर नुसतं प्रमाणपत्र काही करत नाही. अर्ज करण्याआधी स्वतःच्या प्रॅक्टिसला हे तीन प्रश्न विचारा.

१३. मी पेशंट आहे. माझ्या डॉक्टरांकडे ही मान्यता आहे, तर मी काय मागू शकते?

तुमचा ठरलेला डॉक्टर कोण हे विचारा. रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर सल्ला मिळतो ते लिहून घ्या. इमर्जन्सीत धावण्याआधी तो फोन करा, छातीत दुखणं किंवा श्वास लागणं असं काही असेल तर अर्थात थेट ९११. दीर्घ आजार असेल तर लेखी केअर प्लॅन मागा. तपासणी केली आणि ठरलेल्या दिवसांत निकाल कळला नाही, तर फोन करा. "काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक" असं कधीही धरू नका, मान्यता असो वा नसो.

१४. फोनवर नर्सशी बोलले आणि बिल आलं. मान्यतेमुळे पैसे वाढले का?

मान्यतेसाठी पेशंटकडून वेगळी फी घेतली जात नाही. तुम्हाला आलेलं बिल बहुधा क्रॉनिक केअर मॅनेजमेंटचं आहे (प्रश्न ५). दोन किंवा अधिक दीर्घ आजार असलेल्या मेडिकेअर पेशंटसाठी महिन्याला ठरावीक वेळ काम केलं की प्रॅक्टिस ते बिल करते, आणि सप्लिमेंटल इन्शुरन्स नसेल तर २० टक्के वाटा तुमच्याकडे येतो. पण त्यासाठी तुमची संमती आधी घ्यावी लागते, आणि एका महिन्यात एकच प्रॅक्टिस ते बिल करू शकते. संमती दिल्याचं आठवत नसेल तर ऑफिसला नोंद दाखवायला सांगा. नको असेल तर कधीही बंद करता येतं.

१५. आईला फक्त मराठी येतं. दर वेळी नातवाला सोबत न्यावं का?

नको. पेशंटची पसंतीची भाषा नोंदवणं हा मान्यतेचाच भाग आहे, म्हणून फॉर्ममध्ये "हिंदी" लिहून मोकळे होऊ नका, आईंना मराठीच सोयीचं असेल तर मराठीच लिहा. केंद्रीय निधी घेणाऱ्या प्रॅक्टिसना दुभाष्याची सोय मोफत करावी लागते, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाकडून भाषांतर करून घेता येत नाही. टेलिफोनवरच्या दुभाषी सेवांमध्ये मराठी मिळतं, अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा.

नियमापलीकडचं कारणही आहे. लघवीचा त्रास, अंगावरून जाणं, रात्री येणारं रडू, हे कोणतीही आजी पंधरा वर्षांच्या नातवासमोर बोलणार नाही. ती "सगळं बरं आहे" म्हणेल आणि डॉक्टर तेच लिहून घेतील. मराठी डॉक्टरांनो, तुम्ही स्वतः बोलता म्हणून ही सोय विसरू नका. सुट्टीवर असताना तुमच्या जागी बसणाऱ्या डॉक्टरला ती लागतेच.

१६. मी कार्डिऑलॉजिस्ट आहे. मला ही मान्यता मिळेल का?

पीसीएमएच प्रायमरी केअरसाठीच आहे. स्पेशालिस्टसाठी एनसीक्यूएने २०१३ मध्ये पेशंट-सेंटर्ड स्पेशालिटी प्रॅक्टिस हा वेगळा कार्यक्रम आणला. रेफरलला वेळेत उत्तर देणं हा त्याचा गाभा. प्रश्न ९ मधल्या बाईंचा रिपोर्ट परत येण्यासाठी त्याची फार गरज आहे.

१७. आमची तीन ऑफिसं आहेत. एकाला मान्यता मिळाली की तिन्हींना चालते का?

नाही. मान्यता जागेला मिळते, मालकाला किंवा कंपनीला नाही. अनेक ठिकाणं असलेल्या ग्रुपला समान धोरणं एकदाच सादर करायची सवलत असते, पण प्रत्येक ठिकाणाचे पुरावे वेगळे. मिप्समध्ये (प्रश्न ४) मात्र वेगळा नियम आहे: एका टॅक्स आयडीखालच्या किमान ५० टक्के ठिकाणांना मान्यता असेल तर पूर्ण ग्रुपला श्रेय मिळतं. तीनपैकी दोन पुरतात, एक पुरत नाही.

१८. मान्यता मिळवणारे डॉक्टर सोडून गेले तर?

मान्यता प्रॅक्टिसकडेच राहते. डॉक्टर ती नव्या नोकरीत नेऊ शकत नाहीत. पण यादीतला बदल, पत्ता बदलणं, विक्री किंवा विलीनीकरण हे एनसीक्यूएला आणि प्रत्येक इन्शुरन्स कंपनीला वेळीच कळवा. कंपनीच्या यादीत जुनी नावं राहिली की मासिक रक्कम गुपचूप थांबते आणि ते सहा महिन्यांनी लक्षात येतं.

१९. सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, "आमचं ईएचआर (पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) घेतलं की मान्यता आपोआप." खरं का?

नाही. एनसीक्यूए काही सॉफ्टवेअर आधीच तपासून ठेवते आणि ते वापरणाऱ्या प्रॅक्टिसला काही निकषांचं श्रेय मिळू शकतं. बाकी सगळं तुम्हालाच करावं लागतं. कोणत्या निकषांना श्रेय मिळेल याची यादी विक्रेत्याकडून लेखी घ्या.

२०. भारतात असं काही आहे का? नाशिकला बहिणीचं क्लिनिक आहे.

हुबेहूब नाही. खाजगी रुग्णालयं आणि क्लिनिकसाठी क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या एनएबीएचची मानकं आहेत. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं, म्हणजे एनक्वास आहेत. फरक मुळातच आहे. अमेरिकेत नोंदवलेल्या ठरलेल्या पेशंटसाठी दरमहा पैसे देणारा कोणी असतो. नाशिकच्या खाजगी क्लिनिकला पेशंट बहुतेक वेळा खिशातूनच पैसे देतो आणि उद्या दुसरीकडे जातो. तरी प्रश्न ९ मधले पाच रकाने साध्या वहीतही आखता येतात. बहिणीला तेवढं आजच सांगा.

२१. धोरण लिहिलं आहे, पण ते पाळायला आत्ता सुरुवात केली. मागची तारीख टाकली तर चालेल का?

अजिबात नाही. हा प्रश्न जितक्या सहज विचारला जातो त्याची मला काळजी वाटते. धोरणावर अंमलबजावणीची तारीख असते आणि सोबत ते पाळल्याचा पुरावा लागतो. ऑनलाइन तपासणीत परीक्षक तुमच्याच सिस्टममधल्या नोंदी पाहतो, तिथे प्रत्येक बदलाची वेळ दिसते. वार्षिक अहवालांचीही नमुना तपासणी होते. शिवाय मान्यतेच्या जोरावर मेडिकेड किंवा मेडिकेअरचे पैसे घेतले असतील तर खोटी माहिती हा फक्त एनसीक्यूएचा विषय राहत नाही, सरकारकडून खोट्या माहितीवर पैसे घेण्याविरुद्धचा फॉल्स क्लेम्स कायदा लागू होऊ शकतो. उशीर झाला असेल तर खरी तारीख लिहा आणि एनसीक्यूएच्या प्रतिनिधीकडे मुदतवाढ मागा.